अंतर किती, वेळ किती?

वेल्ह्याच्या परिसरात राजगड आणि तोरणा हे दोन गड समोरासमोर उभे आहेत. एकाच्या माथ्यावरून दुसरा इतका स्पष्ट दिसतो की, तो अगदी जवळ असावा असे वाटते. नकाशावर पट्टी ठेवून हिशेब केला, तर दोहोंमधील अंतर सुमारे ८ किलोमीटर भरते. सपाट रस्त्यावर एवढे अंतर माणूस दोन तासांत चालून जाईल. परंतु राजगडाच्या संजीवनी माचीवरून उतरून तोरण्याच्या बुधला माचीवर चढणाऱ्या वाटसरूस सहा-सात तास लागतात. मग पट्टी खोटी ठरली काय?

पट्टी खोटी नाही. तिने मोजले ते सरळ रेषेतील अंतर. माणसाची वाट मात्र सोंडेवरून खिंडीत उतरते आणि वळणे घेत पुन्हा वर चढते. त्यामुळे वाट लांबते आणि चढणीवर वेगही मंदावतो. अंतर वाढले व वेग घटला, की वेळ दुहेरी वाढतो.

गाडीरस्त्यालाही हाच न्याय लागू आहे. भोर देशावर, तर महाड कोकणात. मध्ये सह्याद्रीची भिंत. सरळ रेषेत ही दोन गावे सुमारे ४५ किलोमीटर दूर आहेत. पण गाडीला फार तीव्र चढ-उतार झेपत नाही. म्हणून नीरा नदीच्या खोऱ्यातून वर गेलेला रस्ता वरंधा घाटात नागमोडी वळणे घेत कोकणात उतरतो. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत दरडी कोसळून हा घाट बंद पडला. नकाशावरील अंतर तेवढेच राहिले. प्रवाशांना मात्र महाड फार दूर झाले.

विमानाला डोंगर आडवे येत नाहीत. पुणे आणि मुंबई येथील विमानतळांमध्ये सरळ रेषेत सुमारे १२४ किलोमीटर अंतर आहे. ताशी ५०० किलोमीटर वेगाने हे अंतर १५ मिनिटांत संपावयास हवे. प्रत्यक्षात तसे घडत नाही. विमान हळूहळू उंची गाठते, उतरण्यापूर्वी वेग कमी करते, वारा व धावपट्टी यांची दिशा पाहून वळसा घेते आणि गर्दी असल्यास आकाशात थांबूनही राहते. शिवाय वेल्ह्याच्या प्रवाशाला आधी रस्त्याने पुण्याजवळील लोहगाव गाठावे लागते व उड्डाणापूर्वी बराच वेळ तेथे हजर राहावे लागते. आकाशातील प्रवास लहान. पण घरापासून मुक्कामापर्यंतचा प्रवास मोठा असतो.

यावरून दिसते की, अंतराची मापे तीन आहेत : एक नकाशावरचे, दुसरे वाटेचे आणि तिसरे घड्याळाचे. डोंगरातील वाडीत रात्री कोणास सर्पदंश झाला, तर रुग्णालय किती किलोमीटरांवर आहे, या उत्तराने त्याचे काम भागत नाही. तेथे किती वेळात पोहोचता येईल, यावर त्याचे प्राण अवलंबून असतात. म्हणून रस्ता, पूल वा दवाखाना कोठे असावा हे ठरविताना नकाशाबरोबर घड्याळही पाहिले पाहिजे.