फ्रेझर उघडा, मग बोला

चतुर-टाचण्यांची माहिती आता घरबसल्या मिळते, असं सांगणारे पुष्कळ आहेत. मिळते, यात वाद नाही. त्यातली कुठली घ्यावी आणि कुठली ओवाळून टाकावी, हे मात्र कुणी सांगत नाही. म्हणून ही उठाठेव. चतुर कोण आणि टाचणी कोण, याची उजळणी इथे करत नाही. ज्याला ती हवी असेल त्याने के. ए. सुब्रमण्यन यांचं २००५ सालचं द्वीपकल्पीय भारतातल्या चतुरांवरचं पुस्तक उतरवून घ्यावं. फुकट आहे, सुटसुटीत आहे आणि नवशिक्याला वर्षभर पुरतं.

रूक्ष भाग आधी उरकतो. आयनॅचरलिस्ट आणि इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल ही नोंदींची कोठारं. कुणी, कुठे, कधी काय पाहिलं याचा नकाशा तिथे मिळतो, तेवढा कामाचा. चालू शास्त्रीय नावांसाठी अमेरिकेतल्या प्युजेट साउंड विद्यापीठाची जागतिक यादी आहे. सहा हजारांहून अधिक जाती तीत नांदतात. फोटो दाखवला की नाव सांगणारी ॲप्स दारच्या डबक्यावरच्या चतुरापुरती ठीक. ओढ्यावरच्या गोम्फिडी कुळापाशी आली की बेधडक ठोकून देतात.

‘ओडोनाटा ऑफ इंडिया’ या संकेतस्थळाबद्दल मात्र चार शब्द जास्त. कृष्णमेघ कुंटे, शंतनू जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते उभं केलं. प्रत्येक जातीचं पान, फोटोखाली ठिकाण आणि तारीख, शिवाय मूळ संदर्भ. नाव कशाच्या आधारावर दिलं हे तिथे तपासता येतं, म्हणून त्याला मान.

पण माझा जीव अडकला आहे तो लेफ्टनंट कर्नल एफ. सी. फ्रेझर यांच्यात. पेशाने लष्करी डॉक्टर, आणि उरलेला सगळा वेळ चतुरांना वाहिलेला. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालिकेतले त्यांचे तीन खंड १९३३, १९३४ आणि १९३६ साली निघाले. एके काळी त्यांची पानं पाहायची तर कुणाची तरी ओळख काढून ग्रंथालयात शिरावं लागे आणि ग्रंथपालाची मर्जी असेल तर झेरॉक्स मिळे. आज तिन्ही खंड इंटरनेट अर्काइव्हवर उघडे पडले आहेत. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमधले त्यांचे लेख बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीत मिळतात. १९२४ साली ‘रेकॉर्ड्स ऑफ द इंडियन म्युझियम’मध्ये त्यांनी पश्चिम भारतातल्या चतुरांची पाहणी छापली आणि एका दमात ३० नव्या जातींची वर्णनं दिली. एवढी दौलत फुकट पडलेली असताना लोक रिळं बघत बसतात.

फ्रेझर जुना झाला, असं आमच्यातले काही जाणकार भर सभेत सांगतात. नावं जुनी झाली, कबूल. त्यांची ऱ्हायनोसायफा बायसिग्नाटा आज हेलिओसायफा झाली. पण कीटक तोच आहे, आणि तो कसा पाहावा हे फ्रेझरइतकं नेटकं कुणी शिकवलेलं नाही. पंखाच्या बुडाशी शिरांचा एक छोटा त्रिकोण असतो. पुढच्या आणि मागच्या पंखांत तो साधारण एकाच घडणीचा असेल तर गोम्फिडीकडे वळा. पुढच्यात पंखाच्या रुंदीत उभा आणि मागच्यात लांबीत आडवा असेल तर लिबेल्युलिडीकडे. पुढे जात ठरते ती नराच्या पोटाच्या टोकाला असलेल्या आकड्यांवर. ते आकडे वरून एकदा आणि बाजूने एकदा पाहावे लागतात; छातीच्या कडेचे पिवळे पट्टे मोजावे लागतात. आता येणाऱ्या फोटोंत काय असतं? समोरून टिपलेले दोन टपोरे डोळे आणि मागे धूसर हिरवळ. फोटो भिंतीवर लावण्याजोगा, ओळख पटवायला शून्य.

हे बारकावे का हवेत, ते आमच्या पश्चिम घाटानेच दाखवलं. आंबोलीजवळच्या चौकुळवरून नाव मिळालेला बर्मागोम्फस चौकुलेन्सिस २०२२ साली नवी जात म्हणून जगापुढे आला. जोशी आणि कुंटे यांच्याबरोबर हेमंत ओगले आणि दत्तप्रसाद सावंत यांची नावं त्या लेखावर आहेत. त्याआधी २०१९ साली पराग रांगणेकर आणि सहकाऱ्यांनी सायक्लोगोम्फस फ्लॅव्होॲन्युलेटस मांडला. साताऱ्याकडच्या ठोसेघरचं नाव एका युफिया टाचणीला मिळालं. ही सगळी ओढ्याकाठी गुडघे टेकून केलेली कामं.

आता आम्हा रामनगरकरांचं दुखणं. आशिष टिपले आणि पंकज कोपर्डे यांची २०१५ सालची महाराष्ट्राची यादी १३४ जातींची. उत्तम आहे आणि कुणालाही वाचता येते. गोव्याच्या नोंदी ‘जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा’त सापडतात, त्याही मोफत. पण आम्ही जोयडा तालुक्यातले. अनमोड घाट उतरलं की गोवा, राज्य कर्नाटक, घरात मराठी-कोकणी. पांढरी नदीवर दिसलेला चतुर कुठल्या यादीत शोधायचा? या याद्या हद्दीपाशी येऊन थबकतात. जुन्या कागदांत तर ‘कर्नाटक’ शोधून काहीच हाती लागत नाही, कारण १८६२ पासून १९५६ पर्यंत आमचा जिल्हा मुंबईकडे होता. शोधायचं तर ‘नॉर्थ कॅनरा’ म्हणून शोधा. आजचं रामनगर तेव्हा नव्हतंच. सुपा धरणात गाव-जमीन गेलेल्यांसाठी ते वसलं.

धरणाचं निघालं म्हणून सांगतो. काळी नदीचं वरचं खोरं पाण्याखाली गेलं, पण तिथल्या वाहत्या पाण्यावर कोणते चतुर होते याची पानभर यादीही मला कुठे सापडलेली नाही. युफिया फ्रेझेरी घ्या. नराचं पोट तांबडं, टोकाकडे काळं, मागच्या पंखांची टोकं काळी. तिची पिल्लं खळाळत्या पाण्यातल्या दगडांना धरून वाढतात. साठलेल्या पाण्यात त्यांचा निभाव लागत नाही. फ्रेझरच्याच नावाने ओळखली जाणारी ही टाचणी आमच्या जुन्या गावांच्या ओढ्यांवर किती होती, हे आता विचारणार कुणाला?

राज्यवार याद्या करणाऱ्यांना हे सांगितलं की ते म्हणतात, सरकारी कामाला राज्य लागतं. लागत असेल. पण टाचणीला खळाळ लागतो, सावली लागते, काठावरचं झाड लागतं. झूलॉजिकल सर्व्हेने २०१८ साली सबंध पश्चिम घाटाचा चतुर-ॲटलास काढला, तेव्हा हद्दी ओलांडता येतात हे सिद्ध झालंच आहे. मल्याळी मंडळींनी तर आपल्या भाषेच्या विकिपीडियात चतुरांवर भरघोस लेख लिहून ठेवलेत. आपण मराठीत अजून श्रावणातल्या शुभेच्छांवर चतुराचं चित्र चिकटवण्यापाशीच आहोत.

तेव्हा तरुणांना सांगणं एवढंच. पुढच्या पावसाळ्यात उत्साह आला तर राज्याची यादी करू नका, खोऱ्याची करा. काळीची करा, म्हादईची करा. प्रत्येक नावापुढे ओढा, गाव, तारीख आणि नराच्या आकड्यांचा फोटो ठेवा. ओळख पटली नाही तर कुळापाशी थांबा आणि नोंद तशीच ठेवा. पुढचा कुणी ती पुरी करील. सरकारला राज्याची यादी हवी असेल तर ती या खोऱ्यांच्या याद्यांतून अर्ध्या दिवसात निघते. राज्याच्या यादीतून मात्र बुडालेला ओढा कुणालाही परत काढता येत नाही.