उपवासानें खंगलेल्या शरीरांत अन्न कसें जिरतें

अन्नछत्र पाहावयास येणाऱ्या उदार गृहस्थांकडून एक प्रश्न वारंवार विचारण्यांत येतो. कोठारांत ज्वारी, डाळ व गूळ असतां नुकत्याच आलेल्या अस्थिपंजर माणसापुढें वाटीभर पातळ आहारच कां ठेवावा? हा कृपणपणा नव्हे. त्याचें कारण कळण्यास अन्नाचा पोटांतील प्रवास थोडा समजून घेतला पाहिजे.

घास गिळला म्हणजे तो शरीरांत गेला असें नाहीं. तोंडापासून गुदद्वारापर्यंतची नलिका ही शरीरांतून आरपार गेलेली एक वाट आहे. तिच्या भिंतींतून रक्तांत उतरेल तेंच पोषण. बाकीचें सारें केवळ वाटसरू. भाकरीचा कण आहे त्या रूपांत ही भिंत ओलांडूं शकत नाहीं. त्यांतील पिष्टाची साखर, डाळींतील प्रथिनांचीं अमिनो आम्लें व तेलातुपाचीं स्निग्धाम्लें व्हावीं लागतात. लाळ पिष्टावर आरंभ करते. भाकरी पुष्कळ वेळ चावली असतां गोड लागते ती यामुळेंच. जठरांतील आम्ल अन्नाबरोबर आलेले बहुतेक जंतु मारतें, आणि तेथील पेप्सिन प्रथिनें तोडूं लागतें.

परंतु खरें काम लहान आंतड्याचें. तेथें यकृताकडून पित्त व स्वादुपिंडाकडून पाचकरस येतो, आणि विघटन पुरें होतें. आंतड्याच्या अंतस्त्वचेवर मखमलीच्या लवेसारखे असंख्य सूक्ष्म अंकुर असतात. त्यांच्या योगें हा पृष्ठभाग इतका विस्तारतो कीं, संबंध पचननलिकेची आंतली बाजू पसरली तर ती सुमारें ३० चौरस मीटर भरते, आणि तिचा बहुतेक भाग ह्या आंतड्याचाच. साखर व अमिनो आम्लें ह्या अंकुरांतून रक्तांत शिरून प्रथम यकृताकडे जातात. स्निग्धांश लसिकेच्या मार्गानें वळसा घेऊन रक्ताला मिळतो. खाल्लेलें, प्यालेलें व पाचकरसांचें मिळून दररोज आठ ते नऊ लिटर पाणी आंतड्यांत येतें, आणि निरोगी माणसांत जवळजवळ सर्व परत शोषलें जातें.

ह्या अंकुरांवरील पेशी अवघ्या तीन ते पांच दिवसांत झडून नव्या येतात, आणि त्यांच्या पोषणाचा मोठा भाग समोरून जाणाऱ्या अन्नांतूनच त्यांना मिळतो. अन्न बंद झालें कीं अंकुर आंखूड व विरळ होतात, जठरांतील आम्ल घटतें, स्वादुपिंडाचा रस ओसरतो. म्हणजे ज्याला अन्नाची गरज सर्वांत अधिक, त्याचीच तें पचविण्याची शक्ति सर्वांत क्षीण! अशा पोटांत भरपूर जेवण पडलें तर न शोषलेली साखर आंतड्यांत पाणी ओढून घेते व तेथील जंतूंमुळें आंबते. अतिसार सुरू होतो, आणि उरलेंसुरलें पाणी व क्षार निघून जातात.

दुसरा धोका रक्तांतील असून तो अधिक कपटी आहे. दीर्घ उपवासांत शरीर आपल्या चरबीवर व स्नायूंवर जगतें, आणि पेशींतील फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम यांचा सांठा आटतो. एकाएकीं पुष्कळ पिष्ट किंवा गूळ मिळाला कीं इन्सुलिन वाढतें, आणि पेशी हे क्षार रक्तांतून झपाट्यानें ओढून घेतात. थायमिन हें जीवनसत्त्वही साखर जाळण्यांत खर्चीं पडतें. मग हृदय व श्वासाचे स्नायु दगा देतात. इतके दिवस भूक सोसून जगलेला मनुष्य पोटभर जेवणानंतर कांहीं दिवसांत दगावतो तो असा.

जर्मनींतील बर्गेन-बेल्सेनची छावणी १५ एप्रिल १९४५ रोजीं मुक्त झाली, तेव्हां सैनिकांनीं दयेपोटीं आपल्या शिध्याचे डबे तेथील उपाशी बंदिवानांस दिले. तें जड अन्न न सोसून अनेक मेले. नंतर १९४३ च्या बंगालच्या दुष्काळांतील अनुभवावरून सिद्ध केलेलें मिश्रण तेथें नेण्यांत आलें. तें इतकें गोड होतें कीं अनेकांना घशाखालीं उतरेना! आहाराचें गणित बरोबर असून भागत नाहीं, खाणाऱ्याची जीभही विचारांत घ्यावी लागते.

दुबळें झालेलें आंतडें अगदींच निकामी होत नाहीं, हें सुदैव. साखरेचा कण पेशींत शिरतांना मिठांतील सोडियम बरोबर नेतो, आणि त्यांच्या मागून पाणी जातें. पटकीसारख्या रोगांतही हें द्वार उघडें राहतें. १९७१ सालीं पश्चिम बंगालमधील बनगांव येथें पूर्व बंगालांतून आलेल्या निर्वासितांत पटकी पसरली. शिरेंतून देण्याचें सलाईन पुरेना, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज पाण्यांत कालवून रुग्णांस पाजविलें. मृत्यूचें प्रमाण सुमारें ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखालीं आलें.

फार खंगलेल्या मुलांना प्रथम दर १०० मिलिलिटरला ७५ कॅलरी देणारें सौम्य दूध दर दोन-तीन तासांनीं, रात्रींही, थोडें थोडें देतात. लोह आरंभीं देत नाहींत. सूज उतरून भूक परतली म्हणजे १०० कॅलरींचें दूध येतें. मोठ्या माणसांसही आरंभीं थोडें व वारंवार, त्यांत वैद्यांच्या सल्ल्यानें जीवनसत्त्वें व क्षार. मग मऊ खिचडी, आणि भाकरी सर्वांत शेवटीं. १९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रांतील कामांवर वाटलेली सुकडी उत्तम होती, पण ती खडी फोडूं शकणाऱ्यांसाठीं. आडव्या पडलेल्यांसाठीं नव्हे. तरी दात्यांनीं ज्वारी व गूळ यांबरोबर दुधाची भुकटीही पाठवावी, आणि रात्रींच्या पाळीस बसणारे स्वयंसेवक मिळवून द्यावे.