निविदा-सूचना : गृहस्थांनींहि वाचावी

सकाळीं वर्तमानपत्र आलें, कीं वडील मंडळी अग्रलेख वाचतात, मुलें क्रीडावृत्त वाचतात. ‘निविदा-सूचना’ हा बारीक टाइपांतील मजकूर मात्र कोणीच वाचीत नाहीं. तो ठेकेदारांचा विषय, अशी आपली समजूत. वस्तुतः अंधेरीचें गटार काय किंवा घाटकोपरचा रस्ता काय, पैका आपल्या करांतला असतो. म्हणून ती सूचनाहि आपल्याचसाठीं असते.

बोरिवली-मुलुंडपर्यंतचीं उपनगरें १९५७ सालापर्यंत मुंबई महानगरपालिकेंत आलीं, आणि १८८८ चा महानगरपालिकेचा कायदा तेथेंहि लागू झाला. त्याचें ७२ वें कलम सांगतें, कीं ठरीव रकमेहून अधिक खर्चाचा करार करण्यापूर्वीं निदान ७ दिवस आयुक्तांनीं स्थानिक वृत्तपत्रांत जाहिरात देऊन निविदा मागवाव्या. आलेली निविदा स्वीकारलीच पाहिजे असें नाहीं. सर्व परिस्थिति पाहून जी अधिक हितावह, ती घ्यावी. निविदेवांचून करार करावयाचा, तर स्थायी समितीनें कारणें कामकाजांत नमूद करून तशी मोकळीक द्यावी लागते. केंद्र सरकारच्या २०१७ च्या वित्तीय नियमांत तर निविदा भरण्यास सामान्यतः निदान ३ आठवडे दिलेले आहेत.

या मुदती निरर्थक नव्हेत. सूचना कोणास कळली नाहीं, तर निविदा एकाचीच येते. आणि ज्यास स्पर्धा नाहीं, त्यास दराचा धरबंध नाहीं. म्हणून आठवड्यांतून एकदां तरी मुलांकडून ती सूचना मोठ्यानें वाचवून घ्यावी : काम कोणतें, रक्कम किती, मुदत केव्हांपर्यंत? शंका आल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्यान्वयें लेखी विचारणा करावी. सूचना जाहीर करणें हें अधिकाऱ्यांचें कर्तव्य. ती वाचणें हें आपलें.