पोट नसलेला पाहुणा

बैठकीच्या खोलीत माशांची काचेची टाकी ठेवण्याची हौस आता आपल्याकडेही गावोगावी दिसते. गप्पी नाहीतर गोल्डफिश पाण्यात फिरत असतात आणि मुलं काचेला नाक लावून बसतात. पण मैत्रिणींनो, खाऱ्या पाण्याची टाकी कधी जवळून पाहिलीय का? मी पाहिली ती अमेरिकेत, न्यू जर्सीला, आमच्या धाकट्या नणंदेच्या घरी. तिच्याकडे तीन महिने राहिले आणि त्या टाकीतल्या दोन माशांनी मला अगदी वेड लावलं.

माशाचं नाव पाइपफिश. समुद्रघोड्याच्या कुळातला, पण अंगानं सरळ, उदबत्तीसारखा. नणंदेकडची जात जेमतेम सात सेंटीमीटरची. नारिंगी अंगावर तोंडापासून शेपटीपर्यंत निळा पट्टा आणि शेपटी छोट्या पंख्यासारखी. पाहुणे आले की त्यांची नजर आधी तिथेच जायची.

पहिला मासा उपाशी गेला

तुम्ही म्हणाल, मासाच तो, चिमूटभर खाणं टाकलं की झालं. नणंदेच्या यजमानांनाही तसंच वाटलं होतं. त्यांनी हौसेनं पहिला पाइपफिश आणला आणि इतर माशांच्या टाकीत सोडला. रोज खाणंही टाकत होते. तीन आठवड्यांत मासा गेला. नणंद मला म्हणाली, "वहिनी, भरल्या ताटावर बसून तो उपाशी मेला हो. आम्हाला कळलंसुद्धा नाही."

कारण ऐका. पाइपफिशला दात नाहीत. तोंड म्हणजे एक बारीक नळी. भक्ष्य समोर आलं की आधी ते नीट न्याहाळायचं आणि मग झटकन आत ओढून घ्यायचं, अशी त्याची रीत. तो न्याहाळतोय तोवर चपळ मासे सगळं फस्त करतात! पंक्तीत हळू जेवणाऱ्या माणसासारखी गत. त्यातून त्याला आपल्यासारखं जठरच नसतं. खाल्लेलं साठवून ठेवायची सोय नाही. त्यामुळे थोडं थोडं, पण दिवसभर खायला हवं. पोटाकडची बाजू आत गेलेली दिसली की समजावं, त्याची आबाळ होतेय.

विरजण लागल्याशिवाय टाकी नाही

नणंदेनं मग स्वतः लक्ष घातलं. पाइपफिशसाठी वेगळी टाकी घेतली, सव्वाशे लिटरची. दांडगे मासे, खेकडे आणि नांगी मारणारी समुद्रफुलं त्यात घालायची नाहीत, हा पहिला नियम. पाणी ओढणाऱ्या पंपाच्या तोंडाला स्पंज लावला, नाहीतर हा काडीएवढा जीव तिथे ओढला जाऊन अडकतो.

समुद्राचं पाणी घरी करायचं तर स्वयंपाकातलं मीठ चालत नाही. समुद्रात मिठाखेरीज कॅल्शियम, मॅग्नेशियम असं बरंच काही असतं. त्यासाठी खास तयार मीठ मिळतं. ते क्लोरीन नसलेल्या शुद्ध पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम या हिशेबानं मिसळतात. पाणी २४ ते २६ अंश सेल्सियस राखायचं, कारण फार ऊबदार पाण्यात रोगजंतू फोफावतात.

आणि लगेच मासे सोडायचे नाहीत, बरं का! माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो. तो त्यांना विषच. तो पचवणारे जिवाणू टाकीत रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. दुधाला विरजण लावून थांबतो ना, तसंच हे, फक्त एका रात्रीत भागत नाही. पाणी तपासून अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, की मगच पाहुण्यांना बोलवायचं.

एक गोष्ट मात्र मला न शिकवता कळली. टाकीतलं पाणी रोज थोडं उडून जातं, मीठ मागेच राहतं. आमटी आटली की खारट होते, तेच इथे. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणीच घालायचं.

दिवसातून चार जेवणं

खरी परीक्षा खाण्याची. ब्राइन श्रिंप नावाच्या अगदी बारीक कोळंबीसारख्या जीवाची सुकी अंडी मिळतात. ती खाऱ्या पाण्यात घालून खालून हवा सोडली, की साधारण एका दिवसात पिल्लं निघतात. मग हवा बंद करून भांड्याच्या तळाशी दिवा धरायचा. पिल्लं उजेडाकडे जमतात, टरफलं वर तरंगतात. पिल्लं नळीनं ओढून, बारीक कापडातून गाळून, धुऊन ताजी ताजीच द्यायची. शिळी झाली की त्यांच्यातला कस कमी होतो. पण नुसत्या यावर भागत नाही. जोडीला इतर बारीक समुद्री जीव आणि हळूहळू सवय लावून गोठवलेलं खाणंही द्यावं लागतं.

नणंदेकडे सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी पाच आणि रात्री नऊ अशी पंगत. हौस यजमानांची, आणि चारही वेळा उठणारी मात्र नणंद! एक दिवस तिनं स्पष्टच सांगितलं, "दुपार-संध्याकाळ माझी. सकाळ आणि रात्र तुमची. जमत नसेल तर मासे देऊन टाकू." मी आता पंचाईत होणार म्हणून गप्प बसले. पण दुसऱ्या दिवशी सहाला स्वयंपाकघरात दिवा लागला तो त्यांनीच लावलेला.

बाळंतपण बाबांचं

पुढे एका सकाळी तेच आम्हाला हाका मारत आले. नराच्या पोटाखाली अंड्यांची रांग चिकटलेली! पाइपफिशमध्ये मादी अंडी नराच्या स्वाधीन करते आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत तोच ती वागवतो. नणंद काही बोलली नाही, नुसती यजमानांकडे बघून हसली. तेही हसले.

आपल्याकडे मात्र

आता एक मोलाची गोष्ट. नणंदेचे नवे दोन्ही मासे टाकीतच पैदास झालेले होते, तशा खात्रीनेच तिने ते घेतले. समुद्रातून धरलेले मासे बहुधा आधीच खंगलेले असतात. आपल्या देशात तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली, जो १९७२ सालचा आहे, २००१ साली समुद्रघोडे आणि पाइपफिश यांच्या साऱ्या कुळाला संरक्षण दिलं गेलं. ते धरणं, विकणं किंवा बाळगणं गुन्हा आहे. तेव्हा एखादा दुकानदार "ताई, घेऊन जा, काही होत नाही" म्हणाला, तरी घेऊ नका.

हौस गप्पीची असो की आणखी कशाची, मुलांनी हट्ट धरला की आधी कागद-पेन्सिल घेऊन बसा. सकाळी खाणं कोण घालणार? पाणी कोण बदलणार? आपण माहेरी गेलो तर कोण बघणार? प्रत्येक प्रश्नापुढे घरातल्या माणसाचं नाव लिहा. सगळीकडे तुमचंच नाव आलं, तर टाकीची खरेदी दिवाळीपर्यंत पुढे ढकला आणि तोवर नावं वाटून घ्या.