जास्तीचा मणी

सकाळी 6:00
फाल्गुनात नंदुरबारची सकाळ तिखट असते. गावाबाहेर पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली असते. वारा इकडे वळला की घराघरांत ठसका लागतो. काळ्या मण्यांच्या पोती ओवणाऱ्या पटवेकऱ्यांच्या घरी म्हणून खिडक्या बंद. शिंक आली तर थाळीतले मणी खोलीभर जातात.

पटवेकरीण खाली बसली आहे. मांडीवर पांढरं फडकं, त्यावर पितळी थाळी, थाळीत काळ्या मण्यांचा ढीग. लांब, बारीक सुई ती ढिगात घुसवते आणि वर काढते. दर खेपेला सात-आठ मणी सुईवर चढून येतात. एकेक मणी बोटाने उचलत बसलं तर दिवसाला एक पोत व्हायची नाही. स्वयंपाकाला लागण्याआधी तिच्या चार लडी ओवून होतात. या लडी बाजारातल्या ओट्यावर जातात आणि तिथे त्यांच्या पोती होतात. तिच्या कामाची मजुरी कुठल्याच हिशोबात वेगळी धरलेली नाही. ती धरायला हवी.

7:15
पटवेकरी दोऱ्याला मेण लावतो. वय छप्पन्न, डोळ्यांवर दोन भागांचा चष्मा. वडील रेशमातच ओवायचे. आता बहुतेक कामाला नायलॉनचा दोरा, रेशीम फक्त मागून घेणाऱ्या बायांसाठी. घामाने, साबणाने रेशीम कुजतं. नायलॉन कुजत नाही, पण त्याची गाठ घसरते. मेण दोघांनाही लागतं.

मेणाची गोळी वापरून वापरून काळी झाली आहे. दोरा तिच्यावर अंगठ्याने दाबायचा आणि सरळ ओढायचा. तीन वेळा. मग तोच दोरा डोळे मिटून चिमटीतून ओढायचा. कुठे खरखर लागली की तेवढा तुकडा कापून टाकायचा. आज वीतभर गेला. "आत्ता गेला ते बरं," एवढंच तो म्हणतो.

8:45
सराफ बाजारात एका दुकानाच्या ओट्यावर त्याची जागा आहे. महिना पंधराशे रुपये भाडं. सामान एका लाकडी पेटीत मावतं: सुया, कात्री, चिमटा, मेण, दोऱ्याची रिळं, टाचण्यांची डबी, गोधडीची एक जाड सुई आणि भिंग. पेटीच्या झाकणावर पितळी आकडा ठोकलेला आहे. दोरा ताणून धरायला तो आकडा किंवा उजव्या पायाचा अंगठा. इतक्या वर्षांच्या दोऱ्यांनी अंगठ्याला खाच पडली आहे. तिथली कातडी टणक आणि पिवळी.

भाचा आधीच येऊन ओटा झाडून बसलाय. बारावी झाली, दोन वर्षं झाली मामाकडे शिकतोय. दोनशे रुपये रोज आणि दुपारचं जेवण.

9:30
पहिली बाई रनाळ्याहून आली. गळ्यात हळदीचा दोरा, हातात रुमालाची पुरचुंडी.

"भाऊ, पोत वाढी गई."

"बस माय. आधी मोजू."

रुमाल थाळीत उलगडला. दोन वाट्या, सोन्याचे बावीस मणी. तो मोठ्याने मोजतो, मग तिला मोजायला लावतो. या मोजणीशिवाय तो कोणाच्याही सोन्याला सुई लावत नाही, आणि सोनं रात्रभर ठेवूनही घेत नाही. काम होईपर्यंत बाईने समोर बसायचं.

तुटलेला दोरा भिंगाखाली धरून तो मला दाखवतो. काळ्या मण्यांमधला दोरा अजून धड आहे. तुटलाय तो सोन्याच्या मण्याच्या तोंडाशी. सोन्याचा मणी पत्र्याचा, आतून पोकळ, आणि त्याच्या छिद्राची कड धारदार. बाई वाकते, दळते, पाणी भरते. प्रत्येक हालचालीला ती कड दोऱ्यावर फिरते. बावीस मणी म्हणजे चव्वेचाळीस कडा. जाड सुईचं टोक छिद्रात घालून तो प्रत्येक कड आतून घासून गुळगुळीत करतो. या कामाला वीस मिनिटं जातात आणि त्याचे पैसे वेगळे नसतात.

दुपदरी पोतीचे एकशेवीस रुपये ठरले. ओवायला भाचा बसला.

11:10
पोत झाली. गाठ बसली, टोकं आत गेली. भाच्याने ती आकड्याला लटकवली आणि त्याचा चेहरा उतरला. वाट्या तिरक्या. डावीकडचा पदर आखूड, उजवीकडचा लांब. त्याचा हात कात्रीकडे गेला.

"मामा, खोलू?"

"कात्री ठेव. मोज."

दोन सोन्याच्या मण्यांमध्ये डाव्या पदराला काळे मणी एक्केचाळीस, उजव्याला बेचाळीस. पुढच्या खणात पुन्हा तेच. दोन मणी जास्त गेलेत.

आता मामा पुढे सरकला. भाच्याने चिमटा पुढे केला, तो त्याने बाजूला ठेवला. चिमट्याने मणी दाबला की काच आतल्या बाजूला चुरते. आत दोरा आहे. बाहेरून काही दिसत नाही, पोत गिऱ्हाइकाच्या गळ्यात जाते आणि महिन्याभरात तिथेच तुटते.

त्याने जास्तीच्या मण्याच्या दोन्ही बाजूंचे मणी नखाने सरकवून थोडी जागा केली. बारीक टाचणी दोऱ्याला समांतर धरून मण्याच्या छिद्रात घातली. तिने दोरा एका कडेला लावला. त्या फटीतून गोधडीच्या सुईचं टोक शिरलं. ही सुई टोकाला बारीक आणि पुढे जाड होत जाते. वरून ओल्या फडक्याचा पदर टाकला, कारण काच डोळ्यात उडते. मग सुई हळूच फिरवत आत रेटली. सुई जाड होत गेली तसा मणी आतून ताणला गेला. टक्. काच बाहेरच्या अंगाला फुटली आणि फडक्यात राहिली.

फडकं उचललं. दोरा मोकळा. मोकळ्या जागेवरून त्याने नख फिरवलं, एकदा इकडून, एकदा तिकडून. भिंगातून पाहिलं. एकही तंतू उठलेला नाही. बोटाला मेण लावून तेवढी जागा चोळली, मणी परत जवळ घेतले.

भाच्याला त्याने दुसरा मणी फोडायला दिला. पोराचा हात थरथरत होता. टाचणी सरकली, पुन्हा घातली. तिसऱ्यांदा मणी फुटला. दोन मण्यांची ढील मामाने मागच्या गोंड्यापर्यंत नेऊन तिथे जिरवली. वाट्या सरळ झाल्या.

"आणि मामा, कमी पडला असता तर?"

"तर गाठ खोलावी लागली असती. जास्तीचा मणी फोडता येतो. कमी पडलेला आत घालता येत नाही. मोजताना शंका आली तर एक जास्तच घे."

बाई सगळं बघत होती. तिने पोत घातली, हळदीचा दोरा काढून पदराला बांधला आणि एकशेवीस रुपये दिले. चुकीचे जास्त पैसे नाहीत, कमीही नाहीत.

12:30
साध्या एकपदरी पोती दोन. ऐंशी-ऐंशी रुपये. एकीत सोन्याचा मणी खणाच्या भलत्या जागी गेला. सोनं फोडता येत नाही, म्हणजे खोलणं आलं.

खोलण्याचीही रीत आहे. चूक दिसली की नवखा माणूस सुई आल्या वाटेने मागे ओढतो. मागे ओढलेली सुई स्वतःच्याच दोऱ्यात घुसते, तंतू फाटतात, मग दोरा ना पुढे जातो ना मागे. पटवेकरी आधी नेढ्यातून दोरा काढतो. सुई बाजूला ठेवतो. दोरा मोकळा झाला की मणी नखाने एकेक उतरवतो. गाठ असेल तर ती बोटांत चोळून मेण मऊ करतो, दोन बोथट सुया गाठीच्या पोटात घालतो आणि एकमेकींपासून लांब नेतो. सुईचं टोक फासाच्या पोकळीत जायला हवं, दोऱ्याच्या अंगात नाही. आजची गाठ चार मिनिटांत सुटली. मी घड्याळ पाहत होतो, तो नव्हता.

1:45
डबा. ज्वारीची भाकरी, ठेचा, कांदा. हात दोनदा धुऊन, पुसून, मग परत दोऱ्याला. तेलकट बोट लागलेला दोरा मेण धरत नाही.

काळ्या मण्यांचं पाकीट उघडलं. माल उत्तर प्रदेशातल्या पुरदिलनगरचा, सुरतेच्या व्यापाऱ्याकडून येतो. पाकिटातले सगळे मणी सारखे नसतात. काहींचं छिद्र वाकडं, काहींच्या तोंडाला काचेचा कंगोरा. भाचा ते वेचून काढतो. मूठभर निघाले. ते फेकायचे, किंमत मात्र पुऱ्या पाकिटाची.

2:40
एक मुलगी आली. नंदुरबारला कॉलेजात शिकते, वसतिगृहात राहते, गाव मोलगीकडे. वहीच्या कागदात गुंडाळलेला गळ्यातला पट्टा तिने थाळीत ठेवला. पांढऱ्या मण्यांची जाळी, तिच्यात लाल आणि निळे चौकडे. आईकडून शिकली. काठी गावच्या होळीला घालायचा आहे. ती होळी पहाटे पेटते, त्याआधी रात्रभर नाच.

"काका, इथे बघा. लालच्या जागी निळा गेला. चार ओळी पुढे गेल्यावर दिसला."

रात्री तिने उसवायचा प्रयत्न केला होता. एका जागी दोरा पिंजला होता. पटवेकऱ्याने पट्टा उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा. बराच वेळ काही बोलला नाही.

"ही जाळी मला येत नाही बेटा. आमचं काम एका सरळ रेषेतलं. पण मणी बदलू."

पोतीतला मणी फोडला की जागा बुजते. जाळीत तसं चालत नाही. चुकलेला मणी चौकड्याच्या कोपऱ्यात, त्यातून दोन वेळा दोरा गेलेला. तो फोडला तर भोक राहणार. म्हणून काम दोन टप्प्यांत. आधी निळा मणी तसाच आतून फोडला, दोन्ही दोरे टाचणीने एका अंगाला घेऊन. मग पेटीतली सर्वांत बारीक सुई काढली. नवा दोरा चार मणी मागून जाळीच्या जुन्याच वाटेने आणला, रिकाम्या जागी लाल मणी घेतला, पुढच्या चार मण्यांतून बाहेर काढला. शेपटं आत जिरवली. पिंजलेल्या जागेलाही त्याच दोऱ्याचा आधार मिळाला. जुने दोन दोरे लाल मण्याच्या मागून नुसते जातात, पण ते शाबूत आहेत आणि वजन अजून तेच घेतात.

पुढचा चुकलेला मणी मुलीने स्वतः केला. तिचा हात भाच्यापेक्षा स्थिर आहे. बारीक कामात वाढलेला हात लगेच कळतो.

मग तिने अजून एक जागा दाखवली, अगदी काठाला. तिथेही रंग चुकला होता. पटवेकऱ्याने शेजारच्या मण्यात सुई घालून पाहिली. गेली नाही. जोर केला नाही.

"इथे आधीच चार वेळा दोरा गेलाय. छिद्र भरलं. पाचव्यांदा सुई रेटली तर चांगला मणी फुटेल, मग त्याचा शेजारी. हे राहू दे."

मुलीने पट्टा गळ्याला लावून पाहिला. काठावरचा मणी केसांखाली जातो. ती हो म्हणाली.

तास-सव्वा तास गेला. त्याने चाळीस रुपये सांगितले. ती पन्नासची नोट देत होती, त्याने दहा परत केले. अक्कलकुव्याची गाडी गाठायला ती घाईने निघाली. तिथून पुढे देवगोईचा घाट, मग मोलगी. मला विचाराल तर चाळीस फार कमी. पण ओवण्याचे दर बाजारात ठरलेले आहेत, चूक दुरुस्त करण्याचा दर कुठेच ठरलेला नाही. ओवणं दोन वर्षांत येतं. दोरा न दुखावता मणी काढायला त्याहून जास्त वर्षं लागतात.

4:30
चार बायका लहान मुलांचे करगोटे घेऊन गेल्या. वीस रुपयाला एक. चहा.

5:15
सराफाच्या दुकानातला पोऱ्या पाच पोती ओवायला घेऊन आला. ठोक काम, नगाला पन्नास. तोळा लाखाच्या पुढे गेल्यापासून पोतीतले सोन्याचे मणी कमी झालेत. जिथे बावीस असायचे तिथे आठ-दहा. बाकी जागा काळ्या मण्यांनी भरायची, म्हणजे ओवण्याचं काम वाढलं आणि पैसे तेच. शेजारी बांगड्यांच्या दुकानात तयार काळी पोत तीस रुपयांना टांगलेली आहे. तिचा दोरा पटवेकऱ्याने मला हातात दिला. मेण नाही.

7:30
उजेड गेला. बल्ब लावून शेवटच्या दोन पोती. चष्मा कपाळावर, डोळ्यांवर पाणी, पुन्हा चष्मा. आता मोजणी दोघं करतात, एक मोठ्याने आणि एक मनात. संध्याकाळी चुका जास्त होतात हे दोघांना माहीत आहे.

8:20
हिशोब. रनाळ्याची पोत एकशेवीस, साध्या दोन एकशेसाठ, मुलीचे चाळीस, करगोटे ऐंशी, सराफाचे अडीचशे. एकूण साडेसहाशे. त्यातून भाच्याचे दोनशे, ओट्याचं भाडं रोजचं पन्नास, चहा चाळीस, दोरा-मणी-मेण साठ. उरले तीनशे. सकाळच्या चार लडींची मजुरी याच तीनशेत आहे.

फुटलेली काच त्याने कागदात बांधली. ओटा पुन्हा एकदा झाडला, कारण सकाळी अनवाणी बाया येतात.

तुमच्या घरी दोऱ्यात ओवलेली पोत असेल तर आज ती उजेडात धरा. सोन्याच्या प्रत्येक मण्याच्या तोंडाशी दोरा नखाने चाचपून बघा. खरखर लागली तर पोत वाढण्याची वाट पाहू नका, गावातल्या पटवेकऱ्याकडे जा, समोर बसून ओवून घ्या. आणि त्याने जास्तीचा मणी फोडून दोरा वाचवला, तर त्या कामाचे पैसे वेगळे द्या. तो मागणार नाही.