गिटारची केबल आणि हृदयाचे ठोके

डिसेंबर १९७६. फ्लोरिडातील लेकलँड येथे ‘किस’ या रॉक बँडचा कार्यक्रम सुरू होता. गिटारवादक एस फ्रेली यांचा हात धातूच्या कठड्याला लागला, शॉक बसून ते कोसळले, पण वाचले. स्वॉन्सीत १९७२ मध्ये लेस हार्वे मात्र माइकला हात लावताच मंचावर गेले.

गिटारच्या तारा केबलमधून ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. दुसऱ्या हाताला वीज उतरलेली वस्तू लागली, की प्रवाह छातीतूनच वाट काढतो. सुमारे १०० मिलिअँपिअरनेही हृदय नुसते थरथरू लागते, रक्त ढकलत नाही.

पुढे ‘किस’ने वायरलेस यंत्रणा घेतली. केबल गेली, ती वाट तुटली. वायरचा माइक असेल आणि मंच ओला, तर मात्र अनवाणी पायांतून दुसरी वाट मिळतेच.