बोडीत कोणाला ठेवायचे

गोंदिया-भंडाऱ्याकडे धानाच्या बांध्यांना लागून खासगी मालकीची लहान तळी असतात. त्यांना बोडी म्हणतात. बोडीत मासे सोडायला फारसे डोके लागत नाही. पावसाळ्यात बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, आणून सोडायची, हिवाळ्यात एकदा सगळीभर जाळे ओढायचे, सापडेल ते व्यापाऱ्याला द्यायचे, असा बहुतेकांचा खाक्या. मी ज्या बोडीवर थांबलो होतो, तिच्यात मात्र मे महिन्यातही पुरुषभर पाणी टिकते. तिथला हिशेब एका वर्षात संपत नाही. म्हणून काय काढायचे आणि काय परत सोडायचे, हे मालक मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजातल्या एका म्हाताऱ्या काकांवर सोपवतात.

काका अंधारातच आले आणि पाळीवर बसून राहिले. जाळे कोरडेच. मालकांची चुळबुळ सुरू झाली, तेव्हा म्हणाले, "रातभरचं पानी दमलं आहे, ऊन पडू द्या जरा." रात्री शेवाळे आणि पाणवनस्पती प्राणवायू तयार करत नाहीत, उलट वापरतात; त्यामुळे उजाडताना तो पाण्यात सर्वांत कमी असतो. तेव्हाच गाळ ढवळला, तर जे मासे परत सोडायचे तेच आधी माना टाकतात. सगळेच विकायचे असतील तर घाई चालते. निवडायचे असतील तर थांबावे लागते.

ऊन अंगाला लागू लागल्यावर पहिले जाळे पडले ते काठाला, बारीक आसाचे, म्हणजे लहान छिद्रांचे. काठाच्या उथळ पाण्यात बशीएवढे खळगे दिसत होते. ती चिलापीच्या (तिलापियाच्या) नरांनी केलेली घरटी. जाळ्यात आली तीही चिलापीच, बोटाएवढी, पण एकीच्या तोंडातून पिल्ले सांडली. मादी अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळते, म्हणून बहुतेक जगतात. 1952 मध्ये हा मासा भारतात आणला गेला तो स्वस्त अन्न म्हणून. उबदार पाण्यात दोन-तीन महिन्यांत तो विणीला येतो. गर्दी झाली की वाढ खुंटते, वीण मात्र थांबत नाही. मग तळे माशांनी भरलेले असते आणि बाजारात नेण्याजोगा एक नसतो. काकांनी त्या जाळ्यातले काहीही परत सोडले नाही. खळगेही पायाने मोडले.

मधल्या पाण्यात जाळे वेगळे, मोठ्या आसाचे, उभे टाकायचे. लहान मासा त्यातून पार जातो, ज्याचे डोके शिरते पण धड अडते तोच सापडतो. यात एक गंमत आहे: कटल्याचे डोके आणि अंग रुंद, म्हणून त्याच जाळ्यात तो रोहूपेक्षा कमी लांबीचा असतानाच अडकतो. रोहूसाठी आस ठरवली तर वाढता कटला विनाकारण मारला जातो. काका दोन्हींची जाळी वेगळी ठेवतात.

आलेला प्रत्येक रोहू ओल्या हाताने उचलून ते पाठीवरून अंगठा फिरवत. माथा मोठा आणि पाठ सुकलेली दिसली, की तळ्यात तोंडे जास्त आणि खाणे कमी. कटल्यावर ही परीक्षा चालत नाही, तो जन्मतःच मोठ्या डोक्याचा. भरल्या पाठीचे मोठे रोहू, कटले, मृगळ सरळ टबात गेले. समुद्रात किंवा नदीत असे नेमके मोठेच मासे उचलणे घातक, कारण मोठी मादी कितीतरी जास्त अंडी देते. बोडीत तो प्रश्न नाही. या तिघांची वीण पावसाळ्यात वाहत्या नदीत होते. साचलेल्या पाण्यात ते सहसा वीतच नाहीत. 10 जुलै 1957 रोजी मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून अशा माशांचे प्रजनन घडवले, तेव्हापासून बीज हवे तेव्हा मिळण्याची वाट मोकळी झाली. आणून सोडलेला मासा मोठा झाला की काढायचा, रिकाम्या जागेत लहानाला वाढू द्यायचे. चिलापीचा नियम याच्या बरोबर उलटा: लहान, मोठी, सगळी काढायची. सायप्रिनसही (कॉमन कार्प) तळ्यातच वितो, त्याच्यावरही नजर ठेवावी लागते.

गाळाच्या कडेला शेवटी दोन दणकट मरळ सापडले. मालकांचा चेहरा उजळला. मरळाला रोहूच्या कितीतरी पट भाव. शेजारच्या तेलंगणाने तर त्याला राज्यमासाच केले आहे. काका म्हणाले, "भाऊ, कटला खुशाल न्या, पन मरळाले हात नोका लावू." चिलापीची पिल्ले खाणारा बोडीतला एकमेव मोठा शिकारी तोच. थोडी कुरकुर झाली, पण मरळ पाण्यात परत गेले.

अमेरिकेत अलाबामातल्या ऑबर्नला मत्स्यशास्त्रज्ञ होमर स्विंगल यांनी शेततळ्यांचा असाच हिशेब मांडला होता. 1950 मध्ये त्यांनी लिहिले की भक्ष्य माशांचे वजन शिकारी माशांच्या 3 ते 6 पट असेल तेव्हा तळे उत्तम चालते. तिथेही गळ टाकणारे नेमका शिकारी बास उचलत आणि मागे खुरटलेल्या ब्लूगिलची गर्दी उरे. माझ्या मते आपल्याकडच्या बारमाही बोड्या चिलापीने भरतात त्याचे मोठे कारण हेच: भाव ज्याला जास्त, तो आधी जातो.

तुमच्या शेतात अशी बोडी असेल, तर बोटुकली विकत घेण्यापूर्वी काठाला एकदा बारीक जाळे ओढून पाहा. चिलापीच चिलापी आली, तर ते पैसे खर्चू नका. आधी ती काढा, मोठ्या बोटुकलीसाठी थोडे जास्त मोजा, कारण लहान बोटुकली मरळ खाईल, आणि मरळाच्या गिऱ्हाइकाला यंदा नाही म्हणा.